स्फोटाची लाट आणि डोक्यावरचा टोप

डोके जपण्यासाठी टोप घालण्याची पद्धत फार जुनी आहे. तलवारीचा घाव चुकवण्यासाठी योद्धे शिरस्त्राण घालत. आज खाणीतला कामगार, आग विझवणारा जवान, क्रिकेटचा फलंदाज आणि स्कूटर चालवणारी तुमची ताई, सगळेच डोक्यावर काही ना काही कठीण आवरण चढवतात. या साऱ्या टोपांचे काम एकच. बाहेरून येणारी कठीण वस्तू कवटीपर्यंत पोहोचू द्यायची नाही, किंवा तिचा तडाखा सौम्य करायचा.

पण समजा, आदळणारी वस्तू दगड नाही, गोळी नाही, रस्ताही नाही. ती नुसती हवा आहे! तर मग टोपाचा उपयोग होईल का?

हा प्रश्न विचित्र वाटेल. पण तोफगोळा किंवा सुरुंग फुटतो तेव्हा जवळ उभ्या असलेल्या माणसावर नेमकी हवाच आदळते, आणि ती मेंदूला इजा करू शकते. गंमत अशी की, सैनिकांचे टोप गेली शंभर वर्षे मुख्यतः उडणाऱ्या ठिकऱ्या आणि गोळ्या अडवण्यासाठी बनवले गेले. हवेची लाट अडवण्याच्या दृष्टीने त्यांची कसून तपासणी होऊ लागली ती बरीच अलीकडे. त्या तपासणीतून काय निघाले ते आपण पाहू.

हवेची भिंत

स्फोटक पदार्थ पेटतो तेव्हा घन पदार्थाचे अतितप्त वायूंत रूपांतर होते. टीएनटी या स्फोटकात ही क्रिया सेकंदाला सुमारे ७ किलोमीटर वेगाने पसरते. हे वायू एवढ्या झपाट्याने फुगतात की, भोवतालच्या हवेला बाजूला सरायला अवधीच मिळत नाही. ती दाबली जाते, आणि दाबलेल्या हवेचा एक पातळ थर ध्वनीपेक्षा जास्त वेगाने चहूकडे धावू लागतो. यालाच आघाततरंग म्हणतात.

साध्या आवाजाच्या लाटेत हवेचा दाब हळूहळू वाढतो आणि हळूहळू उतरतो. आघाततरंगात तसे नसते. तो जणू हवेची भिंतच असतो. त्याच्या पुढे हवा शांत असते, आणि तो पोहोचताच दाब एकदम उसळतो. मग काही मिलिसेकंदांत (१ मिलिसेकंद म्हणजे सेकंदाचा हजारावा भाग) दाब उतरतो, नेहमीपेक्षाही थोडा खाली जातो, आणि पुन्हा पूर्ववत होतो.

थोडे आकडे पाहू. आपल्या भोवतालच्या हवेचा दाब सुमारे १०० किलोपास्कल असतो. म्हणजे दर चौरस सेंटिमीटरवर जवळजवळ १ किलोग्रॅम वजन ठेवल्यासारखा. समजा, एका आघाततरंगात आणखी १०० किलोपास्कल दाब आहे. असा तरंग सेकंदाला सुमारे ४६० मीटर वेगाने जातो. आपले डोके पुढून मागे सुमारे २० सेंटिमीटर लांब असते. तेवढे अंतर हा तरंग अर्ध्या मिलिसेकंदाच्या आत ओलांडतो. डोळ्याची पापणी लवायलासुद्धा याच्या शेकडो पट वेळ लागतो! कानाचा पडदा तर सुमारे ३५ किलोपास्कल जादा दाबालाही फाटू शकतो.

हाच तरंग एखाद्या कठीण भिंतीवर समोरून आदळला तर काय होईल? तुम्ही म्हणाल, तो अडेल आणि निवेल. प्रत्यक्षात उलटे घडते. धावती हवा अडल्यामुळे तिथे आणखी दाटते आणि दाब वाढतो. आपल्या उदाहरणातला १०० किलोपास्कलचा तरंग भिंतीपाशी सुमारे २७५ किलोपास्कलचा होतो, म्हणजे पावणेतीन पट! ही गोष्ट ध्यानात ठेवा. टोपाच्या बाबतीत ती पुढे आपल्या उपयोगी पडणार आहे.

डब्यातला खरवस

आता मेंदूकडे वळू. मोठ्या माणसाचा मेंदू सुमारे १,३०० ते १,४०० ग्रॅम भरतो. तो कवटीच्या हाडी पेटीत असतो आणि त्याच्याभोवती पाण्यासारखा एक द्रव असतो. या द्रवात मेंदू जवळजवळ तरंगतो, त्यामुळे आर्किमिडीजच्या तत्त्वानुसार त्याचे भासणारे वजन फक्त ५० ग्रॅमच्या आसपास उरते. चालताना, धावताना, उड्या मारताना मेंदूला काही होत नाही ते यामुळेच.

मेंदू किती मऊ असतो? तुम्ही खरवस खाल्ला असेल. काठोकाठ भरलेल्या डब्यातला खरवस तळहाताने सपाट दाबून पाहा. तो दबणार नाही. कारण त्यात बहुतेक पाणीच आहे, आणि पाणी सहसा दबत नाही. पण तोच डबा आडवा हिसडला तर खरवस थरथरतो, त्याला भेगा पडतात. मेंदूचेही असेच आहे. चारी बाजूंनी सारखा दाब आला तर तो बराच सोसतो. पण एक भाग एकीकडे आणि शेजारचा भाग दुसरीकडे सरकला की, त्यातले नाजूक तंतू आणि बारीक रक्तवाहिन्या ताणल्या जातात.

स्फोटाचा तरंग असे सरकणे कसे घडवून आणतो? याची एकापेक्षा जास्त कारणे शास्त्रज्ञ सांगतात. तरंगाचा काही भाग हाडातून थेट आत शिरतो. कवटी क्षणभर किंचित वाकते आणि परत सरळ होते, त्यामुळे आतल्या मेंदूत दाबाच्या लाटा उठतात. तरंगामागून येणारा प्रचंड वारा डोके हिसडतो. छातीवर पडलेला दाब रक्तवाहिन्यांतून वर मेंदूकडे सरकतो, असेही काहींचे मत आहे. यांपैकी कोणत्या कारणाचा वाटा किती, यावर अजून संशोधन चालू आहे.

मेंदूत सगळीकडे एकच पदार्थ नसतो. बाहेरचे करडे द्रव्य, आतले पांढरे द्रव्य, रक्तवाहिन्या आणि द्रवाने भरलेल्या पोकळ्या यांचे गुणधर्म निरनिराळे आहेत. दोन वेगळ्या पदार्थांच्या सीमेवर लाटेचा वेग बदलतो आणि ताण निर्माण होतो. २०१६ मध्ये अमेरिकेतील डॅनिएल पर्ल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी स्फोटांना सामोऱ्या गेलेल्या मृत सैनिकांचे मेंदू सूक्ष्मदर्शकाखाली तपासले. त्यांना व्रणाच्या खुणा आढळल्या त्या अशाच सीमांवर!

न दिसणारी जखम

ही इजा पहिल्यांदा मोठ्या प्रमाणावर नजरेस आली ती पहिल्या महायुद्धात. १९१४ मध्ये युद्ध सुरू झाले तेव्हा फ्रेंच आणि ब्रिटिश सैनिकांच्या डोक्यावर कापडी टोप्या होत्या, तर जर्मनांच्या डोक्यावर चामड्याचे टोकदार टोप. फ्रान्सच्या आघाडीवर उतरलेले अनेक भारतीय सैनिक तर पगडी बांधूनच खंदकात उभे होते. भारतीय पायदळाच्या दोन तुकड्या १९१५ च्या अखेरीस तिथून हलवण्यात आल्या, आणि पोलादी टोप ब्रिटिश फौजेत सर्रास मिळू लागले ते त्यानंतर.

खंदकातील माणसाचे अंग मातीआड असे, पण डोके उघडे. तोफगोळे वर हवेत फुटत आणि ठिकऱ्यांचा पाऊस पडे. डोक्याच्या जखमांनी माणसे भराभर मरू लागली.

पण काही सैनिकांना एकही जखम नसायची. गोळा जवळच फुटलेला असे, अंगावर ओरखडाही नसे. तरी ते थरथर कापत, त्यांना बोलता येत नसे, आठवत नसे, झोप लागत नसे. १९१५ च्या फेब्रुवारीत चार्ल्स मायर्स या ब्रिटिश डॉक्टरांनी ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात अशा तीन रुग्णांची हकीकत लिहिली आणि ‘शेल शॉक’ हा शब्द सर्वत्र पोहोचला. हा आजार मेंदूचा की मनाचा, यावर वाद पेटला. आज आपल्याला कळते की, दोन्ही कारणे असू शकतात, आणि एकाच माणसात एकत्रही असू शकतात.

त्या वेळी मात्र दिसणारी जखम नाही, म्हणजे माणूस भित्रा किंवा ढोंगी, असा शिक्का मारणे सोपे होते. पळून जाणे, भ्याडपणा अशा आरोपांखाली ब्रिटन व त्याच्या साम्राज्यातील ३०६ सैनिकांना त्यांच्याच लष्कराने गोळ्या घातल्या. त्यांतील काही जण शेल शॉकने आजारी असावेत, असे पुढे अनेकांना वाटले. अखेर २००६ मध्ये ब्रिटनने या सर्वांना मरणोत्तर माफी दिली. मेंदूची इजा ओळखता न येणे किती महाग पडू शकते, हे यावरून दिसते.

तीन देशांचे तीन टोप

डोक्याच्या जखमा पाहून तिन्ही देशांचे तंत्रज्ञ कामाला लागले. पहिला टोप आला फ्रान्सचा, १९१५ मध्ये. तो ऑगस्ट-लुई एद्रियाँ या अधिकाऱ्याच्या नावाने ओळखला जातो. तो फक्त ०.७ मिलिमीटर जाड पोलादी पत्र्याचा होता. रूप पॅरिसच्या आगीच्या बंबवाल्यांच्या टोपासारखे; माथ्यावर पुढून मागे जाणारा एक पोलादी तुरा. हवा खेळण्यासाठी माथ्याला ठेवलेले भोक या तुऱ्याखाली झाकले जाई.

त्याच वर्षी जॉन ब्रॉडी यांनी ब्रिटिशांसाठी टोप तयार केला. तो एकाच पत्र्यातून दाबून काढलेला, उथळ वाडगा पालथा घातल्यासारखा, रुंद काठाचा होता. वरून पडणाऱ्या ठिकऱ्या खांद्यावर येऊ नयेत म्हणून काठ रुंद ठेवला होता. पुढे त्यासाठी मँगॅनीजयुक्त कणखर पोलाद वापरू लागले. १९१६ मध्ये जर्मनांचा टोप आला. हॅनोव्हरच्या तंत्रशिक्षण संस्थेतील फ्रीड्रिख श्वेर्ड यांनी त्याची रचना केली होती. तो कान आणि मानही झाकत असे.

या तिघांपैकी कोणाच्याही मनात हवेचा तरंग नव्हता. सगळ्यांचे लक्ष ठिकऱ्यांवर होते.

शंभर वर्षांनंतरची परीक्षा

आता २०२० या वर्षात येऊ. अमेरिकेतील ड्यूक विद्यापीठात यूस्ट ऑप ट आइंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक साधा प्रश्न विचारला. हे जुने टोप स्फोटाच्या लाटेपासून मेंदूचे किती रक्षण करीत होते? आणि आजचा टोप त्यांच्यापेक्षा किती सरस आहे?

त्यांनी तिन्ही देशांचे पहिल्या महायुद्धातले टोप मिळवले आणि जोडीला अमेरिकी सैन्याचा आधुनिक टोप घेतला. मोटारींच्या अपघातांच्या चाचणीत वापरतात तसे कृत्रिम डोके घेऊन त्यावर निरनिराळ्या जागी दाबमापक बसवले. डोक्यावर एकेक टोप चढवून ते आघातनलिकेच्या तोंडाशी ठेवले. आघातनलिका म्हणजे धातूची जाड नळी. तिच्या एका टोकाला पातळ पडद्यामागे हेलियम वायू भरत जातात. दाब सोसेनासा झाला की पडदा फाटतो आणि नळीतून आघाततरंग धावत सुटतो. खंदकातील सैनिकावर गोळे वरून फुटत, म्हणून इथेही तरंग माथ्यावर सोडला. त्याची ताकद १ ते ५ मीटर अंतरावर फुटणाऱ्या जर्मन तोफगोळ्यांइतकी ठेवली होती.

निष्कर्ष दोन निघाले. पहिला अपेक्षित होता. कोणताही टोप उघड्या डोक्यापेक्षा पुष्कळच बरा! मेंदूत मध्यम स्वरूपाचा रक्तस्राव होण्याचा अंदाजी धोका टोपामुळे पाच ते दहा पटींनी कमी झाला.

दुसरा मात्र कोणाच्या ध्यानीमनी नव्हता. माथ्यावरचा दाब सर्वांत कमी भरला तो फ्रेंच टोपाखाली. म्हणजे ०.७ मिलिमीटर पत्र्याच्या शंभर वर्षांपूर्वीच्या टोपाने या एका बाबतीत आधुनिक टोपावरही मात केली!

याचे कारण काय असावे? संशोधकांचे बोट माथ्यावरच्या तुऱ्याकडे वळले. सपाट पृष्ठभागावर तरंग समोरून आदळला की दाब वाढतो, हे आपण वर पाहिलेच. तुऱ्याच्या उतरत्या बाजूंमुळे तरंग सरळ न आदळता दोन्हीकडे वळवला जात असावा. पावसात उतरत्या छपरावरून पाणी निघून जाते, तसेच काहीसे.

पण यावरून “जुने ते सोने” असा निष्कर्ष काढायची घाई करू नका. ही चाचणी फक्त वरून येणाऱ्या तरंगाची होती, आणि फ्रेंच टोप सरस ठरला तो माथ्याच्या दाबापुरता. गोळ्या आणि ठिकऱ्या अडवण्यात आधुनिक टोप त्याच्या कितीतरी पुढे आहे. १९६५ मध्ये स्टेफनी क्वोलेक या रसायनशास्त्रज्ञ महिलेने शोधलेल्या केव्हलारसारख्या चिवट धाग्यांमुळे ते साधले. प्रयोगाने शिकवले ते एवढेच की, लाट अडवण्यात पदार्थाच्या बळाइतकेच आकारालाही महत्त्व आहे.

टोपाखालची फट

आकाराइतकीच महत्त्वाची दुसरी गोष्ट म्हणजे टोप आणि डोके यांमधली फट. टोप कवटीला चिकटून बसवता येत नाही. ठिकरी लागून पत्रा आत दबला तर तो कवटीत घुसू नये, म्हणून मध्ये जागा ठेवावी लागते. ठिकऱ्यांच्या दृष्टीने ही फट आपली मित्र आहे.

हवेची लाट मात्र या फटीतून आत शिरते. समोरून येणारा तरंग टोपाच्या काठाखालून आत घुसतो. त्याचा काही भाग टोपाला वळसा घालून मागच्या काठाखालूनही येतो. या लाटा आत एकमेकींना भेटतात तिथे त्यांचे दाब एकत्र होतात. २००९ मध्ये अमेरिकेच्या लॉरेन्स लिव्हरमोर प्रयोगशाळेतील शास्त्रज्ञांनी संगणकावर गणिते मांडून दाखवले की, अशा मोकळ्या फटीत दाब वाढू शकतो. फटीत फोमच्या गाद्या बसवल्या तर लाटेची वाट अडते. पण गादी फार कडक असली तर टोपाचा धक्का ती सरळ डोक्याला पोहोचवते!

२०१० मध्ये मॅसॅच्युसेट्स तंत्रशास्त्र संस्थेतील राऊल रादोवित्स्की यांच्या गटाने असाच संगणकी अभ्यास केला. त्यात दिसले की, समोरच्या स्फोटात मेंदूकडे जाणारी लाट मुख्यतः उघड्या चेहऱ्यातून शिरते. टोपाला चेहरा झाकणारी ढाल जोडली, तर मेंदूवरचा ताण बराच कमी होतो. बाँब निकामी करणाऱ्या जवानाचा पोशाख आठवा. त्याच्या टोपाला जाड पारदर्शक ढाल असते. पण तो सगळा पोशाख ३० किलोग्रॅमहून जड असू शकतो. तो घालून दिवसभर उन्हात चालणे, धावणे, आवाज ऐकणे कसे जमणार?

करून पाहा

लाटा एकत्र येऊन जोर कसा धरतात, हे घरी पाहता येते. एका मोठ्या गोल परातीत दोन-तीन सेंटिमीटर पाणी घ्या. पाणी स्थिर होऊ द्या. परातीच्या अगदी मध्यभागी वरून एक थेंब टाका. वर्तुळाकार लहर काठाकडे जाईल आणि पसरताना क्षीण होत जाईल. काठावर आपटून ती परत फिरेल, आणि पुन्हा मध्यभागी येताना उंच होईल. कधी कधी तिथे पाणी चक्क टुणकन वर उडेल.

मग थेंब मध्याच्या थोडा बाजूला टाका. परतलेल्या लहरी आता कुठे जमतात? परातीत एक वाटी पालथी ठेवून प्रयोग पुन्हा करा. वाटीच्या मागे पाणी शांत राहते का? वहीत आकृत्या काढा. टोपाची रचना करणारे तंत्रज्ञ संगणकावर जे करतात, त्याचेच हे लहान रूप आहे.

मग उपाय कोणता?

स्कूटरच्या टोपात थर्मोकोलसारखा थर असतो. डोके आपटले की तो चेचला जातो, त्यामुळे डोके थांबायला थोडा जास्त अवधी मिळतो आणि धक्का सौम्य होतो. त्या कामात तो उत्तम आहे. पण हवेची लाट एका जागी आपटत नाही, ती भोवताली वळते आणि फटीतून शिरते. धोका बदलला की टोपही बदलावा लागतो. सैनिकाला मात्र एकाच टोपाने गोळी, ठिकरी, पडझड आणि लाट या चौघांशी झुंजायचे असते, आणि मानेला पेलवेल एवढेच वजन डोक्यावर घ्यायचे असते. म्हणूनच हा प्रश्न अवघड आहे.

या प्रश्नाची निकड इराक आणि अफगाणिस्तानातील युद्धांत पुन्हा जाणवली. चांगल्या चिलखतांमुळे माणसे स्फोटातून जिवंत परत येऊ लागली, पण डोकेदुखी, विसराळूपणा, चिडचिड घेऊन. २००० पासून अमेरिकी सैन्यात मेंदूच्या इजेची ४ लाखांहून अधिक निदाने झाली आहेत. ती सारी स्फोटाची नाहीत. अपघात, पडणे, खेळ यांतलीही आहेत, आणि बहुतेक सौम्य आहेत. तरी हा आकडा सर्वांना जागे करणारा ठरला.

शिवाय मोठ्या स्फोटाचीच भीती आहे असे नाही. सरावात तोफा आणि खांद्यावरून डागायची जड शस्त्रे पुन्हा पुन्हा चालवणाऱ्यांच्या डोक्यावरही लहान लहान तरंग आदळत राहतात. म्हणून २०२४ मध्ये अमेरिकी संरक्षण खात्याने सुमारे २८ किलोपास्कल ही मर्यादा ठरवून, तिच्यावर दाब जाईल तिथे विशेष काळजी घेण्याचे नियम घातले. त्यातला एक मोठा उपाय अगदी साधा आहे, तो म्हणजे अंतर! स्फोटकाचे वजन आठपट केले, तरी तेवढाच दाब फक्त दुप्पट अंतरावर मिळतो. उलट बाजूने पाहिले तर, दुप्पट अंतरावर उभे राहणे म्हणजे जणू स्फोटक एक अष्टमांश करणे. चार पावले मागे सरणे हे फुकट मिळालेले शिरस्त्राणच नव्हे काय?

पण रणांगणावर किंवा सुरुंग पेरलेल्या रस्त्यावर मागे सरायची सोय नसते. तिथे टोपच हवा. तुऱ्यासारखा लाट वळवणारा आकार, फट भरणारी पण धक्का न पोहोचवणारी गादी, श्वास आणि नजर मोकळी ठेवणारी चेहऱ्याची ढाल, आणि हे सारे दीड किलोग्रॅमच्या आसपास! असा टोप अजून कोणाला जमलेला नाही. परातीतल्या लहरी पाहून वहीत आकृत्या काढणाऱ्या तुमच्यापैकीच कोणाला तो उद्या जमेल, कोणी सांगावे?